दोष डब्याचाच असू दे

अक्कलकोटकडच्या एका भजनी बुवांचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत बसून पोहे खात होतो. बुवा कित्येक वर्षं माझ्याकडेच रेकॉर्डिंग करतात. गळा त्यांचा, टाळ-पखवाज त्यांच्या मंडळाचे आणि शेवटी कुणाला वर, कुणाला खाली, कुणाला जरा मागे बसवून ते सगळं ऐकण्याजोगं करायचं काम माझं. त्याला मिक्सिंग म्हणतात. बुवांनी माझ्या कामाला कधी नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मात्र नमस्कारचमत्कार बाजूला ठेवून ते म्हणाले, "मालक, आवाज टोचायलाय हो. माझ्या शब्दातल्या 'स'ला काटे फुटल्यात."

"मोबाइलवर ऐकलं असेल तुम्ही," मी म्हटलं.

"मोबाइलवर ऐकलं, गाडीत ऐकलं, देवळातल्या भोंग्यावर ऐकलं. सगळीकडं टोचायलाय. मंडळातली माणसं म्हणायलीत, बुवा, एकदा दुसरीकडं करून बघू."

पोहे तिथेच गार झाले. त्याआधी एका जाहिरातवाल्यानेही अशीच कुरकुर केली होती आणि मी सगळा दोष त्याच्या मोबाइलला देऊन मोकळा झालो होतो. पण बुवा उगाच बोलणारे नव्हेत. आमच्या धंद्यात माणसाजवळ विकायला कानांशिवाय काही नसतं. कान गेले म्हणजे सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या जिन्यावरची ती खोली, भिंतींना आवाज शोषायला लावलेल्या घरच्या मागावरच्या जाड चादरी, सगळं जिथल्या तिथे ठेवून शटर ओढायचं. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं काही येत नसताना हा विचार झेपत नाही. म्हणून मी कुणीही करेल तेच केलं. सगळं खापर डब्यावर फोडलं.

डबा म्हणजे कन्व्हर्टर. आमच्यात पेटी म्हटली की बाजाची पेटी डोळ्यांपुढे येते, म्हणून याला डबाच म्हणतात. गाणाऱ्याचा आवाज माइकमधून येतो, डबा त्याचे आकडे करून कॉम्प्युटरला देतो आणि कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा परत आवाज करून माझ्या स्पीकरला देतो. इतकंच त्याचं काम. पण ते त्याने चोख नाही केलं तर मिक्सिंग करणारा माणूस मळक्या चष्म्यातून रंग निवडत बसतो. माझा डबा जुना होता. सोलापूरचे किती उन्हाळे त्याने पत्र्याखाली काढले होते. म्हातारा झाला असेल, आवाजाची वरची धार खात असेल, ती धार मी हाताने वाढवत असेन आणि म्हणून बुवांचा 'स' टोचत असेल. हिशेब इतका सरळ बसला की मला हायसं वाटलं.

पुण्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, चांगल्यातले दोन डबे पाठव, आठवडाभर ऐकतो, एक ठेवतो, एक परत करतो. तो भला माणूस. दोन्ही खोकी दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून आली.

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही मागवाले. घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. माझ्या लहानपणी पुढच्या खोलीत वडिलांचे, म्हणजे आमच्या नायनांचे यंत्रमाग चालायचे आणि मागच्या खोलीत आम्ही राहायचो. मधे एक पातळ भिंत. त्या खडखडाटात जन्मलेल्या माणसांची बोलायची एक रीत असते. कुणी कुणाला पाठीमागून हाक मारत नाही, कारण ती पोचतच नाही. समोर यायचं, आधी खांद्याला हात लावायचा, समोरच्याने तोंडाकडे पाहिलं की मग मोठ्याने बोलायचं, शिवाय हातवारे करायचे. जेवायला चल, धागा तुटला, पाहुणे आले, याच्या आमच्या वेगळ्या खुणा होत्या. माग विकून पुष्कळ वर्षं झाली, पण रीत राहिली. आमच्याकडे लग्नकार्यात बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटतं, यांच्यात मोठं भांडण चाललंय.

माझी बायको या घरातली नव्हे. ती केम गावची, शेतकऱ्याच्या घरातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वर्गात छापील मराठी बोलते आणि घरी पाऊल टाकलं की केमचं. शाळेचं स्वागतगीत रेकॉर्ड करायला ती पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आली होती. दुसऱ्यांदा गीतात चूक राहिली म्हणून आली आणि तिसऱ्यांदा काहीच कारण नसताना आली. लग्नाला दोन्ही घरांनी आधी तोंडं वाकडी केली आणि मग गोड जेवणं केली. आल्यावर पहिले सहा महिने तिला वाटायचं, सासरी सगळे आपल्यावर चिडलेत. आमची रीत काही तिने उचलली नाही. तिकडे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक जाते. ही स्वयंपाकघरातून, अंगणातून, जिन्याखालून, कुठूनही मला हाक मारायची, तीही हळू आवाजात. मी ओ द्यायचो. आमची अम्मा म्हणायची, हिची हाक फक्त तुलाच ऐकू येते.

अलीकडे मात्र तिच्यात बदल झाला होता. चहा घेऊन आली की दारातून हाक न मारता ती जवळ यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि मी वळलो की समोर उभी राहून बोलायची. अम्मा असती तर म्हणाली असती, सून उशिरा का होईना पण घरची झाली. मला त्यात थोडा लाडही दिसायचा. या वयात आपला कुणी लाड करत असेल तर चौकशी करू नये, म्हणून मी मुकाट्याने करून घ्यायचो.

तर डबे आले. पहिल्या दिवशी मी माझ्या कीबोर्डवाल्या मित्राला बोलावलं. हा शाळेपासूनचा दोस्त, घरी दखनी बोलतो आणि सोलापुरातल्या निम्म्या ऑर्केस्ट्रांत वाजवून आलाय. एकच गाणं आधी एका डब्यातून, मग दुसऱ्यातून वाजवलं. पहिला वाजताच त्याने मांडीवर थाप मारली.

"येच ले! क्या बजरा रे ये! दूसरा तो सोया पड्या है."

मलाही तसंच वाटलं. पहिल्यात चमक होती, अंगावर येणारा आवाज होता. आम्ही दोघांनी मिळून पहिल्याचं इतकं कौतुक केलं की दुसरा डबा खोक्यात भरायला मी उठलोच होतो. मग काय मनात आलं कोण जाणे, दोन्हींचा आवाज मोजून पाहिला. पहिला डबा दुसऱ्यापेक्षा थोडासा मोठ्याने वाजत होता. अगदी थोडासा, पण तेवढा पुरतो. खडखडाटात वाढलेल्या माणसाला मोठं ते चांगलं वाटतं. आमच्या वाट्याला आलेल्या निम्म्या गिऱ्हाइकांची फर्माईशही तीच असते, जरा वर घ्या की.

दोन्हींचा आवाज अगदी सारखा केला आणि परत वाजवले. मित्राने डोळे मिटले, मान हलवली, परत डोळे मिटले. मग त्याने समोरची शेंगाचटणी भाकरीवर घेतली आणि खात बसला.

"अब?" मी विचारलं.

"अब दोनो भाई-भाई है," तो म्हणाला. "कौनसा कौनसा है, मेरे को नै समझरा."

मलाही समजत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझा जुना डबा मधे लावला तेव्हा तोही वेगळा वाटला नाही. जुना डबा वाईट असेल तर नव्यात फरक ऐकू यायला हवा होता. मनाशी म्हटलं, आज मुळी घाई झाली, नीट परीक्षा घेतलीच नाही.

नीट परीक्षा म्हणजे ऐकणाऱ्याला कुठला डबा चालू आहे ते माहीत नसलं पाहिजे. डबे बदलणारं दुसरं माणूस हवं, आणि ते ऐकणाऱ्याच्या नजरेआड हवं, कारण माणसाच्या चेहऱ्यावरूनही कळतं. शाळेला सुट्टी होती. रविवारी दुपारी मी बायकोला स्टुडिओत घेऊन गेलो. मे महिना, वर पत्रा आणि पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. तिने पदराने वारा घेत सगळं समजून घेतलं. मी स्पीकरसमोर बसणार. ती माझ्या पाठीमागे, तिन्ही डब्यांच्या कपाटाशी. तिने बटण फिरवायचं, "बदललं" म्हणायचं, मी एक, दोन की तीन ते सांगायचं, आणि खरं काय ते तिने लक्षात ठेवायचं.

"तुमाला यवढं का लागून राह्यलंय?" तिने विचारलं. "बुवांचं गाणं परत करून द्या की साधं."

"डब्याचा दोष निघाला तर माझा जीव भांड्यात पडेल," मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मागे जाऊन बसली.

गाणं सुरू झालं. बुवांचंच. मी कान टवकारून बसलो. अभंगाचं एक कडवं झालं, दुसरं झालं. घाम पाठीवरून ओघळत होता. मागे सगळं शांत. मला वाटलं, हिला बटण सापडत नसेल. तिसरं कडवं सुरू झालं तसा माझा पारा चढला.

"अगं, बदल की आता!" मी समोर बघतच ओरडलो.

काही नाही. मी वळलो. ती बटणावर हात ठेवून माझ्याकडेच पाहत होती.

"कवाच बदललंय," ती म्हणाली. आता मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, त्यामुळे प्रत्येक शब्द स्वच्छ आला. "धा येळा सांगितलं तुमाला."

मी गाणं बंद केलं. खोलीत एकदम सामसूम झाली. "परत बोल," मी म्हटलं आणि तिच्याकडे पाठ केली. "काहीही बोल. हळू."

मागून आवाज आला. तिचा आवाज होता, प्रश्न विचारल्यासारखा वर गेला, पण त्यातले शब्द काही आले नाहीत. कडा झिजलेलं काहीतरी आलं.

"काय म्हणालीस?"

ती उठून समोर आली. वायरींच्या खोक्यावर बसली. "म्हनलं, शेंगाचटनी संपलीय, नवी आणायची का."

एवढं साधं वाक्य, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. आमच्या घराच्या रीतीने माझं बहिरेपण माझ्यापासूनच लपवलं होतं. जिथे सगळेच समोर येऊन, तोंडाकडे बघत, मोठ्याने बोलतात तिथे कुणाचे कान गेलेत हे कळणार कसं? नायनांचे कधी गेले तेही आम्हाला कळलं नव्हतं. मी आजवर पाठीमागून ऐकत होतो ते एकाच माणसाचं, आणि त्या माणसानेही पाठीमागून बोलणं थांबवलं होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या आसतील. आदी वाटलं, कामात हायती म्हनून ओ देत न्हाईत. मग ध्यानात आलं, तोंड बघून बोललं की समदं कळतंय, माघारी बोललं की न्हाय."

"आणि मला सांगितलं नाहीस!" मला राग आला होता. खरंच आला होता, लपवण्यात अर्थ नाही. "बुवा चाललेत सोडून. माझं नाव खराब होतंय. आणि तू बघत बसलीस!"

"सांगितलं आसतं तर काय केलं आसतं तुमी?" तिचाही आवाज चढला. "त्याच दिवशी हितं कुलूप लावलं आसतं. तुमचा सोभाव मला ठावं न्हाय व्हय? आन मग दिसभर घरात बसून भाजीत मीठ कमी म्हनून माज्यावर डाफरला आसता. म्हनून म्हनलं, गानी बिगडत न्हाईत तवर चालू दे. बुवा आसं म्हनतील आसं मला वाटलं न्हवतं."

त्यावर मला रडू आलं. या वयात, भर दुपारी, पंखा बंद असलेल्या खोलीत रडणारा माणूस फार केविलवाणा दिसत असणार, कारण ती उठली आणि तिने आधी पंखा लावला.

मग माझी समजूत काढायला म्हणून ती म्हणाली, "आन डबा काय साळसूद न्हाय. त्यो जुना तर शिट्टी मारतोय की सारखी."

"कसली शिट्टी?"

"बारीक. रातकिडा वरडतो तशी. मी हितं आले की ऐकती. मला वाटलं, स्टुडिओत आसतीच."

मी जुन्या डब्यातून नुसती शांतता वाजवली, म्हणजे गाणं नाही, काहीच नाही, आणि ती नव्या डब्यात घेऊन पडद्यावर पाहिली. आलेख सपाट होता. फक्त उजव्या टोकाला, जिथे फार उंच स्वर असतात तिथे, एक बारीक उभी रेघ काठीसारखी उभी होती. स्पीकरला कान लावला. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. तिने मात्र लांबूनच तोंड वेडंवाकडं केलं. डबा दोषी निघाला होता, अगदी माझ्या मनासारखा, आणि ते कळायला माझे कान काही कामाचे नव्हते. शिवाय बुवांचा 'स' त्या शिट्टीने टोचत नव्हता. जे मला ऐकू येत नव्हतं ते मी गाण्यात वाढवत सुटलो होतो. तो टोचत होता माझ्या हाताने.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तीही आली. डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर धरला. रेघ डावीकडून नीट चालत आली होती आणि उजवीकडे जिना उतरल्यासारखी खाली गेली होती.

"मागावर कामाला होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. माग घरात होते."

"तेच ते," ते म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा, खालचं आणि मधलं उत्तम आहे, असं त्यांनी सांगितलं. कानात घालायच्या यंत्राचंही सुचवलं. परत येताना रिक्षातून सात रस्त्याला उतरलो, जिना चढलो, कुलूप काढलं आणि म्हटलं, दोन्ही डबे परत पाठवतो. आता काय करायचे?

"येक ठिवायचा म्हनला हुता की," ती म्हणाली. "दुकानदाराला सबूद दिलाय तुमी. आन बुवांचं गानं कोन करून देनार?"

"मला ऐकू येत नाही, बाई."

"मला येतंय की."

तिने ते इतक्या साधेपणाने म्हटलं, जणू मला दुकानातून साखर आणता येत नाही आणि तिला येते. मग तीच डब्यांसमोर बसली. या खेपेला बटण माझ्या हातात होतं आणि पाठ तिची माझ्याकडे होती. जुना डबा लागला की ती न चुकता हात वर करायची. दोन नव्यांत तिला बराच वेळ लागला. वीसेक वर्षं शाळेच्या कलकलाटात काढूनही केमची शांतता तिच्या कानांत शाबूत होती.

"ह्यो पहिला जरा नटलेला वाटतोय," शेवटी ती म्हणाली. "समदंच गोड करून सांगतोय. दुसरा हाय तसं सांगतोय."

पहिला म्हणजे मित्राने आणि मी डोक्यावर घेतलेला तोच. मोठ्याने वाजला म्हणून तो आम्हाला आवडला होता आणि चमक तो जादा वाढतोय हे माझ्या कानांना कळलंच नव्हतं. मिक्सिंग करणाऱ्याला गोड बोलणारा डबा उपयोगाचा नसतो. मी पहिला खोक्यात भरून पुण्याला परत पाठवला आणि दुसरा ठेवला. या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण इतक्या खात्रीने कुठलीच वस्तू मी घेतली नव्हती.

बुवांचं गाणं आम्ही सुट्टीतच परत केलं. खालचं आणि मधलं मी बसवलं. पखवाजाची थाप, पेटीचा भरणा, बुवांच्या गळ्यातली माती, ते सगळं मला अजून नीट ऐकू येतं आणि त्यात मी कुणाला हार जाणार नाही. वरचं तिने पाहिलं. 'स' आला की ती शाळेत पोरांना गप्प करायला करते तसा हात खाली दाबायची आणि मी तो खाली आणायचो. दोनदा आमचं भांडण झालं. टाळ किती वर ठेवायचे यावर तर ती रुसून घरी निघाली आणि निम्म्या जिन्यावरून परत आली, कारण पिशवी राहिली होती.

गाणं पाठवलं आणि बुवांना फोन केला. मनाशी ठरवलं होतं की खरं काय ते सांगायचं, मग ते राहोत की जावोत. म्हटलं, "बुवा, माझे कान वरच्या अंगाला गेलेत. मिक्स मी करतो, वरचं बायको तपासते. तुम्हाला पटत नसेल तर दुसरीकडे करा, मला वाईट वाटणार नाही." शेवटचं वाक्य खोटं होतं.

बुवा हसले. "आवो, आमच्याकडं तरी काय येगळं हाय? गातो मी, आन ताल सोडला की डोळे वटारती ती आमची मंडळी. गानं ऐकलं. आता काटं न्हाईत. तेवढं वहिनीस्नी सांगा, टाळ लई चांगलं बसल्यात."

टाळ मी वर ठेवले होते की तिने खाली, हे मी इथे सांगणार नाही.

आता शाळा सुटली की ती तासभर येते. तिच्यासाठी माझ्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवलीय, आणि कानातलं यंत्रही मी घेतलंय. गाणी करताना ते काढून ठेवतो, बाकी वेळ घालतो. ते घातलं की तिची हाक दारातूनही ऐकू येते, शब्दांसकट.

परवा ती आली तेव्हा यंत्र माझ्या कानात होतं. जिन्यावरची तिची पावलं ऐकू आली, दार वाजलेलं ऐकू आलं, कपबशी किणकिणली तीही ऐकू आली. हाक काही आली नाही. नेहमीसारखा खांद्यावर हात आला.

"आता ऐकू येतं मला," मी म्हटलं. "दारातून हाक मारली असतीस तरी चाललं असतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"दोन वर्षं मला वाटत होतं, या वयात तुला लाड सुचलाय. नंतर कळलं, मला ऐकू येत नव्हतं म्हणून हात लावत होतीस."

तिने चहा माझ्यापुढे ठेवला. हात खांद्यावरच होता.

"त्येबी हुतंच की," ती म्हणाली.